घरच्या घरी गिटार: सी वरून जी वर जाताना दर वेळी अडखळतो, चूक हाताची की गिटारची?

नवखा_कोथरूड

सर्वांना नमस्कार. दोन महिने झाले, एकट्यानेच गिटार शिकतो आहे. नोकरी हिंजवडीत, घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात, त्यामुळे क्लासच्या वेळा जमत नाहीत. रोज रात्री अर्धा-पाऊण तास मिळतो. गिटार स्टीलच्या तारांची, मोठ्या अंगाची, वापरलेली घेतली आहे.

ई मायनर, ए मायनर, सी, जी आणि डी एवढ्या कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) पाठ आहेत. सुट्या वाजवल्या तर बऱ्या वाजतात. अडचण पुढे आहे.

सी वरून जी वर जाताना सगळी बोटं उचलली जातात आणि परत एकेक करून बसवावी लागतात, तोवर ठेका निघून जातो. एफ तर लागतच नाही. पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) तर्जनी आडवी टाकली की निम्म्या तारा ठप्प. वीस मिनिटांनंतर बोटांची टोकं इतकी दुखतात की तार दाबवत नाही. आणि शेवटचं, आई भावगीतं छान म्हणते, तिला साथ करायची आहे. ती सांगते "माझी पट्टी काळी चार". गिटारवर काळी चार कुठे असते तेच कळत नाही.

हात चुकतोय की गिटारमध्येच दोष आहे, हे आधी कसं ओळखायचं? आणि हात चुकत असेल तर नेमकं कुठे?

---

लाकूड_आणि_तार

पट्टीबद्दल इथले जाणकार लिहितील. बाकीच्या तक्रारींमागे वापरलेल्या गिटारच्या बाबतीत बऱ्याचदा एकच कारण सापडतं: तारा फ्रेटपासून जास्त उंच असतात. ते मोजता येतं, त्यामुळे अंदाजावर सोडू नका.

आधी गिटार सुरात लावा. तारांवर पूर्ण ताण नसेल तर कुठलंच माप खरं येत नाही. मग बाराव्या फ्रेटवर जा, म्हणजे खुंट्यांकडचा नट आणि सॅडल (गिटारच्या अंगावर चिकटवलेल्या लाकडी ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) यांच्या बरोबर मध्यावर. तिथे सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या खाली आणि फ्रेटच्या धातूच्या वर किती फट आहे ते बघायचं. बारीक खुणांची पट्टी नसेल तर बँकेची जुनी कार्डं घ्या. त्यांची जाडी जगभर ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. उठावदार आकडे नसलेली सपाट कार्डं घ्यायची. तीन कार्डं एकावर एक म्हणजे जवळपास २.३ मिमी. जाड तारेखाली तीन कार्डं जेमतेम सरकली तर उंची अगदी योग्य. चार सहज जात असतील तर नवशिक्यासाठी उंच. पाच गेली तर त्या गिटारवर शिकणं म्हणजे हाताला शिक्षा आहे. पहिल्या, बारीक तारेखाली फट त्याहून थोडी कमी हवी, २ मिमीच्या आसपास.

दुसरी तपासणी नटची. नट म्हणजे खुंट्यांच्या बाजूची ती खाचा असलेली पांढरी पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधोमध दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिची फट बघा. साध्या कागदाएवढी, म्हणजे तार फ्रेटला टेकली की नाही अशी शंका यावी इतकीच हवी. टपालाच्या कार्डाइतकी दिसत असेल तर खाच उथळ आहे. पहिल्या फ्रेटवर एफ न लागण्याचं हे फार नेहमीचं कारण, आणि शिकणारा मात्र स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. खात्री करायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि त्याच्या पुढे त्याच कॉर्ड वाजवून बघा. एकदम सोप्या झाल्या तर दोष नटमध्ये आहे.

तिसरी तपासणी नेकच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लांब दांड्याच्या, बाकाची. सहावी तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्याने चौदाव्यावर दाबा. आता सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार किती वर राहते? पाव मिलिमीटर, साधारण व्हिजिटिंग कार्डाइतकी फट असली की झालं. याहून बरीच जास्त असेल तर नेकमधली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, थोडी आवळावी लागते. तो पाना एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नसतो. पहिल्यांदा करत असाल तर स्वतः करू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या.

दुरुस्तीचा क्रम मात्र असा ठेवायचा: आधी नेकचा बाक, मग नट, शेवटी सॅडल. उलट्या क्रमाने केलं की पहिलं काम वाया जातं.

दुकानात जाईपर्यंत एक तात्पुरता उपाय. सहाही तारा अर्धा सूर उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. सूर मूळचाच राहतो, तारांचा ताण साधारण दहा-अकरा टक्क्यांनी उतरतो आणि नटची उंची हिशोबातून बाद होते. दुखऱ्या बोटांना पहिल्या दिवसापासून फरक कळेल.

तारा कुठल्या आहेत तेही बघा. १२ ते ५३ च्या संचाचा (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशात) एकूण ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो. शिकताना १० ते ४७ चा संच लावा. आवाज थोडा पातळ होतो, तो सोसायचा. तारांवर गंजाचे काळे ठिपके दिसत असतील तर बाकी काही न बघता आधी तारा बदला. मात्र हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्यांच्या भागाला, रुंद फटी आणि नायलॉनच्या तारा असलेल्या क्लासिकल गिटारवर कुणीही, कुणाच्याही सांगण्यावरून, स्टीलच्या तारा चढवू नका. तो ब्रिज साधारण निम्म्या ताणासाठी चिकटवलेला असतो, पुढे उखडून हातात येतो.

---

बोटांचा_हिशोब

वरचा प्रतिसाद आधी अमलात आणा, मग हा वाचा.

"सगळी बोटं उचलली जातात आणि एकेक करून बसतात" या वाक्यातच तुमचं निदान आहे. बहुतेक व्हिडिओंत जी कॉर्ड मधल्या बोटाने सहावी तार, तर्जनीने पाचवी आणि अनामिकेने पहिली अशी शिकवतात. ती चुकीची नाही. पण सी वरून तिथे जाताना प्रत्येक बोटाला नवी तार आणि नवी दिशा शोधावी लागते. जी अशी धरून बघा:

अनामिका सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट. मधलं बोट पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट. करंगळी पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट. तर्जनी मोकळी.

आता सी आठवा. अनामिका पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट. म्हणजे अनामिका आणि मधलं बोट यांची जोडी दोन्हीकडे तीच, फ्रेटही तेच. सी वरून जी वर जाताना ही जोडी आहे त्या आकारात एक तार छताकडे सरकते. तर्जनी उठते, करंगळी बसते. संपलं.

याहून मजेची गोष्ट म्हणजे हीच जोडी सी वरून एक तार जमिनीकडे सरकवली की एफचा सोपा प्रकार होतो: अनामिका चौथीवर तिसरा, मधलं बोट तिसरीवर दुसरा, तर्जनी जिथे होती तिथेच. पहिली तार उघडी वाजू द्या. याला एफ मेजर सेव्हन म्हणतात आणि भावगीताच्या साथीला तो पूर्ण एफपेक्षा अनेकदा गोडच लागतो. म्हणजे सी मध्ये, जी वर, एफ खाली. तीन कॉर्डसाठी एकच आकार, तीन जागा.

बाकीच्या जोड्यांतही न हलणारं बोट शोधायचं असतं. ए मायनर आणि सी मध्ये तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही जागेवर राहतात. फक्त अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. वर सांगितलेल्या जी वरून ई मायनरला जाताना मधलं बोट पाचवीवर तसंच दाबून ठेवायचं, अनामिका चौथीच्या दुसऱ्या फ्रेटवर आणायची. जे बोट हलवायची गरज नाही ते उचलणं ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी गळती आहे.

सराव असा करा. उजवा हात मांडीवर, वाजवायचं नाही. सी धरा. आता फक्त जोडी सरकवून जी. परत सी. बोटं तारांपासून अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा वर उठता कामा नयेत. हवेत उंच उडालेलं बोट परत येताना जागा चुकतं, म्हणून हा नियम. जोडी एकत्र पडायला लागली की उजवा हात आणा, मोबाइलवर एक मिनिटाची घड्याळं लावा आणि बदल मोजा. प्रत्येक बदलानंतर एकदाच छेडायचं. सुरुवातीला बारा-पंधरा होतील. तीसपर्यंत गेलात की गाणं वाजवता येईल. कारण मिनिटाला ८० ठोके आणि चार ठोक्यांना एक कॉर्ड असं गाणं धरलं तर मिनिटाला २० बदल लागतात. तीस येत असतील तर हातात थोडी उसंत राहते, आणि ती उसंत नसली की ठेका तुटतो.

सुट्या कॉर्ड "बऱ्या वाजतात" म्हणता, ते एकदा नीट तपासा. कॉर्ड धरून सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार छेडा. झणझण आवाज आला तर बोट फ्रेटच्या धातूपासून लांब पडलंय किंवा दाब कमी आहे. ठप्प आवाज आला तर शेजारचं बोट त्या तारेला चिकटलंय. त्या बोटाचं शेवटचं पेर उभं करा, तारेवर टोक पडलं पाहिजे, गादी नाही. बोट कायम धातूच्या अगदी अलीकडे ठेवायचं. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर त्याच आवाजासाठी खूप जास्त जोर लागतो. बोटं दुखण्याचं अर्धं कारण इथे असतं.

किती जोर पुरतो हे शोधायचा सोपा मार्ग: बोट तारेवर नुसतं टेकवा, छेडत राहा, आणि दाब हळूहळू वाढवत न्या. ज्या क्षणी सूर स्वच्छ होतो तिथे थांबा. बहुतेक लोक याच्या दुप्पट दाबत असतात.

---

नवखा_कोथरूड

दोघांचेही मनापासून आभार. कार्डं लावून बघितली: जाड तारेखाली चार कार्डं अलगद गेली, पाचवं घातलं की तार वर उचलली जाते. कॅपो लावल्यावर कॉर्ड खूपच सोप्या झाल्या. व्हिजिटिंग कार्डाची फट मात्र बरोबर आहे. आता दुकानात नेमकं काय सांगायचं?

अनामिकेची जी करून बघितली. करंगळी पोचते पण पहिली तार दाबताना तिसरं पेर आत मोडतं.

---

लाकूड_आणि_तार

म्हणजे तुमची उंची साडेतीन मिमीच्या आसपास आहे आणि नेक ठीक आहे. दुकानात दोन गोष्टी सांगा: नटच्या खाचा खोल करायच्या, आणि बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २.५ मिमी करून हवी. "जरा खाली घ्या" असं मोघम बोलू नका, आकडा सांगा.

बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायची तर सॅडल २ मिमी घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर आहे. म्हणून देण्याआधी सॅडल ब्रिजच्या लाकडावर किती वर दिसतंय ते बघा. पाच मिमी असेल तर घासून तीन उरतील, चालेल. आत्ताच दोन-अडीच मिमी असेल तर घासायला जागाच नाही. नेकचा कोन बदललेला आहे किंवा ब्रिजच्या मागचं लाकूड फुगलेलं आहे. त्या दुरुस्तीचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होतो, तेव्हा तिथे पैसे घालू नका. जुन्या बाजारात किंवा ओळखीत वापरलेली गिटार बघायला जाणाऱ्यांनी ही एक तपासणी तरी करावीच.

घासायचं ते नेहमी सॅडलच्या खालच्या बाजूने, काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर, आणि तळ एकदम सपाट राहिला पाहिजे. तळ वाकडा झाला की सॅडल ब्रिजमध्ये पूर्ण टेकत नाही आणि आवाज मरतो. नट मात्र घरी करू नका. खाच केसभर जास्त खोल गेली की ती तार उघडी वाजवताना पहिल्या फ्रेटवर झणझणते, मग नवा नट बसवण्याशिवाय मार्ग नाही.

पेठांमधल्या वाद्यांच्या दुकानांत हे काम करून मिळतं, पण काही ठिकाणी हार्मोनियम आणि तबल्याची कामंच मुख्य असतात. नटच्या खाचांसाठी तारेच्या जाडीच्या वेगवेगळ्या कानशी आहेत का, एवढं विचारा. करवतीच्या पात्याने करतो म्हणाले तर दुसरीकडे जा.

---

ठेका_आधी

डाव्या हाताबद्दल भरपूर झालं. माझ्या मते प्रश्न निम्मा उजव्या हाताचा आहे. कॉर्ड बदलताना तुमचा उजवा हात थांबतो आणि डाव्याची वाट बघतो. हे उलट हवं. उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा चालू राहिला पाहिजे, आणि डाव्याने त्याला गाठायचं. कॉर्ड बसली नसेल तर बसू दे. उघड्या तारा वाजल्या तरी चालतील, ठेका तुटता कामा नये. समोर गाणाऱ्याला एखादी अर्धवट कॉर्ड खटकत नाही, ठेका तुटलेला लगेच खटकतो.

आपल्या लोकांना तबला कानात बसलेला असतो, त्याचा उपयोग करून घ्या. केरवा म्हणा: धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रा. विषम मात्रांना हात खाली, सम मात्रांना वर. आधी तारांना न लागता नुसता हात आठ मात्रा चालवा. मग पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेला तारा लागू द्या. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात फिरतो पण तारांना शिवत नाही. ऐकायला येतं: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. व्हिडिओंत सगळीकडे शिकवतात तोच हा प्रकार, फक्त तिथे तो बाण काढून पाठ करायला लावतात. आपल्याकडे तो आधीच ओळखीचा आहे. पाचवी मात्रा केरव्यात खालीची (टाळी न देण्याची) असते आणि नेमका तिथेच हात रिकामा जातो, म्हणून तो ऐकायला इतका आपला वाटतो.

मोबाइलवरच्या मेट्रोनोमला मिनिटाला ६० ठोके लावा, प्रत्येक ठोका विषम मात्रेवर. आठ मात्रा चार सेकंदांत होतील. फार संथ वाटेल, तेच हवं आहे. कॉर्ड बदलायची ती आठव्या मात्रेवर: तो वरचा हात उघड्या तारांवर पडू द्या, बोटं तेवढ्यात सरकवा आणि समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, कॉर्ड. पट्टीचे वादकही इथे उघड्या तारा वाजू देतात, त्यात चोरी नाही. लागोपाठ दहा आवर्तनं न अडखळता झाली की ठोके चारने वाढवा. अडखळलात तर आठने कमी करा.

दादऱ्याला, म्हणजे सहा मात्रांच्या तालाला, हात वर-खाली चालवत बसू नका. धा ला अंगठ्याने खर्जाची तार, धि ना ला बाकीच्या तारांवर हलके दोन झटके. पुन्हा चौथ्या मात्रेला दुसरी जाड तार अंगठ्याने, थोडी हळू, आणि ति ना ला दोन झटके. सी मध्ये खर्ज आधी पाचवी तार, मग चौथी. जी मध्ये सहावी, मग चौथी. डी मध्ये चौथी, मग उघडी पाचवी. कितीतरी मराठी भावगीतं या दोन ठेक्यांत आहेत, तेव्हा आईच्या साथीला तूर्त एवढं पुरेल.

कुठून छेडायचं तेही नक्की करा. सी आणि ए मायनर पाचव्या तारेपासून, डी चौथ्यापासून, जी आणि ई मायनर सहाही. डी मध्ये सहावी तार वाजली की सगळी कॉर्ड गढूळ होते.

---

सदाशिव_पेठी

बोटांचा_हिशोब यांच्याशी एका बाबतीत थोडा मतभेद. मधलं बोट सहावीवर असलेली जी सुद्धा शिकावी लागते, फक्त करंगळीही वापरून. मधलं बोट सहावीवर तिसरा, तर्जनी पाचवीवर दुसरा, अनामिका दुसरीवर तिसरा, करंगळी पहिलीवर तिसरा. इथून डी ला जाताना अनामिका दुसऱ्या तारेवर तशीच राहते, कारण डी मध्येही ती तिथेच असते. ज्या गाण्यात जी नंतर सी येतो तिथे त्यांची जी, जिथे डी येतो तिथे ही. पुढची कॉर्ड कोणती यावर बोटं ठरतात.

करंगळीचं पेर मोडतं ते कोपर बरगड्यांना चिकटल्यामुळे. कोपर अंगापासून चार बोटं दूर घ्या आणि अंगठा नेकच्या मागे मधल्या बोटाच्या समोर आणा, वरून डोकावू देऊ नका. आणि पलंगावर मांडी घालून वाजवू नका. हात नसलेली खुर्ची, गिटार उजव्या मांडीवर, नेकचं टोक किंचित वर. बोटं दिसावीत म्हणून गिटार स्वतःकडे कलती करतो आपण. तेवढ्याने मनगट मुरडतं. टोकं दुखणं तीन-चार आठवड्यांत कातडी घट्ट झाली की कमी होतं. मनगट दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर मात्र त्या दिवशीचा सराव तिथेच बंद.

---

काळी_पाच

आता पट्टी. हे पेटीवरून समजून घेतलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. गिटारवर एक फ्रेट म्हणजे पेटीवर लगतची पुढची पट्टी, काळी असो की पांढरी. तीन-चार आणि सात-एक या पांढऱ्यांच्या मध्ये काळी नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

काळी चार ही जी च्या एक पट्टी पुढे. म्हणून पहिल्या फ्रेटवर कॅपो, आणि आकार जी चे. सा ची कॉर्ड जी, मध्यमाची सी, पंचमाची डी, धैवताची ई मायनर. तुम्हाला येतात त्या पाचांपैकी याच चार! आईच्या पट्टीत शुद्ध गंधाराचं गाणं असेल तर एफची गरजच पडणार नाही. तेव्हा एफसाठी साथ अडवून ठेवू नका, या रविवारी सुरू करा.

कोमल गंधाराचं गाणं असेल तर कॅपो चौथ्या फ्रेटवर आणि सा म्हणून ई मायनर. सोबत ए मायनर, सी, डी, जी येतात. पंचमावर बी सेव्हन लागेल, ती नंतर शिका.

तारा अर्धा सूर उतरवून कॅपो लावलेला असेल, तर वरच्या प्रत्येक आकड्यात एक मिळवा. म्हणजे काळी चारसाठी दुसरा फ्रेट.

घरातल्या पेटीबरोबर वाजवणार असाल तर आधी पेटीची पांढरी सहा ट्यूनरला (सूर मोजणारं यंत्र) ऐकवा. जुन्या पेट्या ४४० वर (सेकंदाला कंपनं) अचूक असतीलच असं नाही. ट्यूनर ४४३ दाखवत असेल तर त्याचं मूळ माप ४४३ वर न्या आणि मग गिटार लावा. पेटी काही आपल्यासाठी बदलत नाही. लावताना तार नेहमी खालून वर सुरात आणा. वर गेली तर पुरती उतरवा आणि परत चढवा, नाहीतर खुंटीतली ढील राहते आणि दोन मिनिटांत सूर खाली येतो.

आणखी एक महत्त्वाचं. प्रत्येक गाण्याला चार कॉर्ड बसवू नका. भूपासारख्या रागावरचं गाणं घ्या: सा रे ग प ध. सा ची कॉर्ड म्हणजे सा ग प, धैवताची मायनर म्हणजे ध सा ग. हे सगळे सूर रागातलेच. पण पंचमाची कॉर्ड घेतली की तिच्यात निषाद येतो, मध्यमाची घेतली की मध्यम. दोन्ही भूपात वर्ज्य. गाणारीला ते लगेच टोचतं, कारण तिच्या कानात राग पक्का असतो. अशा गाण्याला जी आणि ई मायनर या दोनच कॉर्ड, आणि ठेका स्वच्छ. कुठली कॉर्ड शंकास्पद वाटली तर नुसते सा आणि प वाजवा, तंबोऱ्यासारखे.

---

नवखा_कोथरूड

हे सगळं छापून भिंतीवर लावतो. गिटार शनिवारी दुरुस्तीला देतो. शेवटचे दोन प्रश्न: रात्री दहानंतर शेजाऱ्यांना त्रास न देता सराव कसा करावा? आणि पूर्ण एफ कधीतरी लागेल ना?

---

बोटांचा_हिशोब

रात्रीसाठी: हातरुमालाची घडी करून ब्रिजला लागून तारांखाली सरकवा. आवाज ठप्प आणि बारीक होतो, पण कुठली तार लागली, कुठली नाही ते कळतं. ठेक्याचा सराव याच्यावर उत्तम होतो. चिमट्याचा ट्यूनर घ्या, तो लाकडाच्या कंपनावर चालतो, त्यामुळे बाहेर गाड्यांचा किंवा घरात कुकरच्या शिट्टीचा गोंगाट असला तरी सूर पकडतो.

एफ लागेल. पहिल्या फ्रेटवर सुरुवात करू नका, तिथे नट जवळ असल्याने तार सर्वांत कडक लागते. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा: तर्जनी आडवी पाचव्यावर, मधलं बोट तिसऱ्या तारेवर सहावा, अनामिका पाचव्या तारेवर सातवा, करंगळी चौथ्या तारेवर सातवा. ही ए कॉर्ड होते. यात तर्जनीला सहा तारा दाबायच्याच नाहीत. पाचवी, चौथी आणि तिसरी इतर बोटांखाली आहेत. तर्जनीचं काम फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. म्हणून तिला थोडी अंगठ्याच्या बाजूला कलती करा, तिथे हाडाची कड असते आणि गादी कमी. दुसरी तार ठप्प होत असेल तर ती बोटाच्या सांध्याच्या घडीत सापडली आहे; तर्जनी दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा. अंगठ्याने चिमटा काढण्याऐवजी कोपराच्या वजनाने हात किंचित मागे ओढा.

पाचव्यावर स्वच्छ आली की दर आठवड्याला एक फ्रेट खाली या. पहिल्याला पोचायला महिना-सव्वा महिना लागतो.

---

लाकूड_आणि_तार

दुरुस्तीहून आल्यावर एक सांभाळा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, तेव्हा वरचं लाकूड फुगतं आणि तारा वर जातात. मार्च ते मे दुपारी हवा इतकी कोरडी होते की लाकूड बसतं, तारा खाली येऊन झणझणतात आणि फ्रेटची टोकं कडेला बोटाला लागतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज. पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवू नका आणि एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत तर दहा मिनिटंही नाही, ब्रिजखालचा डिंक सुटतो.

उंची ऑगस्टमध्ये करून घेतली असेल तर पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कार्डं लावून मोजा. घासलेलं सॅडल परत वाढत नाही, म्हणून दुरुस्तीवाल्याला आत्ता अगदी २.३ पर्यंत नेऊ देऊ नका, २.५ वर थांबवा.